पपेटवाला व्हायचंच नव्हतं त्याला!

प्रश्न : सध्या मुलीसोबत ‘थंडरबर्ड्स’ ही जुनी ब्रिटिश मालिका बघतोय. त्यातल्या बाहुल्यांची डोकी एवढी मोठी का? आणि त्या चालताना फारशा दिसतच नाहीत. बनवणाऱ्याला बाहुल्यांचं भारी वेड असणार ना?

उत्तर : वेड कसलं हो, उलटंच आहे! निर्माता जेरी अँडरसन, जन्म १९२९, लंडनचा. त्याला खऱ्या नटांना घेऊन सिनेमे करायचे होते. १९५७ मध्ये पार्टनरसोबत एपी फिल्म्स ही कंपनी काढली, पण काम काही येईना, पैसे संपत आले आणि तेवढ्यात रॉबर्टा ली नावाच्या लेखिकेकडून चक्क ५२ भागांचं काम आलं, फक्त ते निघालं कळसूत्री बाहुल्यांचं. नाही म्हणायची सोय नव्हती. मग गड्याने ठरवलं की करायचंच आहे तर बाहुल्या बाहुल्या वाटता कामा नयेत, आणि माझ्या मते पुढचं सगळं यातूनच आलं.

आता डोक्याचं. आवाज आधी रेकॉर्ड करायचे, मग त्या आवाजाचा करंट बाहुलीला धरणाऱ्या बारीक टंगस्टनच्या तारांमधून डोक्यातल्या सोलेनॉइडपर्यंत (करंट आला की हलणारं छोटं विद्युतचुंबक) सोडायचा, की खालचा ओठ शब्दांबरोबर आपोआप हलणार. पण तो सोलेनॉइड बसवायला जागा नको का? म्हणून डोकी मोठी. चालण्याचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही, कितीही करा, पाय लटकतातच. मग १९६१ च्या ‘सुपरकार’ मालिकेत हीरोला सरळ गाडीतच बसवून टाकलं. ‘थंडरबर्ड्स’मधला पायलट व्हर्जिल बघा, रॉकेटच्या चित्राला पाठ टेकवतो, चित्र कलंडतं आणि तो डोकं खाली करून घसरत विमानाकडे जातो. पोरं या सीनवर फिदा, पण चालणं टाळायची यापेक्षा झकास आयडिया मी तरी पाहिली नाही. आणि बटण दाबतानाचा हात क्लोजअपमध्ये बघा, तो खऱ्या माणसाचा असतो.

संकटातल्या लोकांना वाचवणाऱ्या पथकाच्या या ‘थंडरबर्ड्स’ची कल्पना मात्र १९६३ च्या जर्मनीतल्या लेंगेडे खाणीच्या दुर्घटनेवरून सुचली, तिथे ड्रिलिंग करून अडकलेले कामगार दोन आठवड्यांनी जिवंत बाहेर काढले होते. जेरीची बायको सिल्व्हिया निर्मितीत बरोबरीने होती, लेडी पेनेलोपीचा आवाजही तिचाच, लोक तिला उगाच विसरतात.

प्रश्न : मग खऱ्या नटांसोबत काम केलं का कधी?

उत्तर : केलं की! १९७० ची ‘यूएफओ’ मालिका, मग ‘स्पेस : १९९९’. पण १९८३ मध्ये ‘टेराहॉक्स’साठी परत बाहुल्याच, या वेळी हातात घालून हलवायच्या. २०१२ मध्ये तो गेला, तेव्हा ८३ वर्षांचा होता. मुलीला डोक्यांमधला फरक दाखवायचा असेल तर १९६७ ची ‘कॅप्टन स्कार्लेट’ लावा, त्यात ओठ हलवायचं यंत्र छातीत नेलं आणि डोकी माणसाच्या मापाची झाली. फक्त ती जरा गंभीर आहे, मरणं बरीच आहेत, तेव्हा एखादा भाग आधी तुम्ही बघून घ्या.