यादी तिच्या गुन्ह्यांची, अक्षर कारकुनाचं

प्रिय लेखिकाबाई,

तुझ्या कादंबरीचं, आयर्लंडहून टास्मानियाला हद्दपार होणाऱ्या कैदी बाईचं प्रकरण दोनदा वाचलं. पहिल्यांदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा लाल पेन हातात घेऊन. आयर्लंडच्या कॉर्क बंदरावरचा निरोप छान उतरलाय, त्याला सध्या हात लावू नकोस. पण मला सांग, हे साल कोणतं?

तुझी नायिका बटाट्याच्या दुष्काळात पकडली जाते, म्हणजे 1845 नंतर. आणि टास्मानियातल्या होबार्टच्या कॅस्केड्स तुरुंगात तिच्या अंगावर दिलेस ते कपडे 1829 च्या नियमांतले! दोन काळ एकाच बाईवर चढवलेस. साल आधी ठरव, बाकीचं मग.

1835 धरलंस तर लक्षात ठेव, आयर्लंडहून निघालेल्या कैदी बायका तेव्हा बहुधा सिडनीला जात. तरी होबार्टच ठेवलंस तर ती उतरल्यावर एखाद्या वसाहतवाल्याच्या घरी बिनपगारी मोलकरीण म्हणून जाईल. मालक तक्रार करेल, मॅजिस्ट्रेट तिला कॅस्केड्सला धाडेल. ही जागा मुळात दारूची भट्टी होती, 1828 मध्ये तिचा बायकांचा तुरुंग झाला. माउंट वेलिंग्टनच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, ऊन कमी आणि ओल भरपूर. तिथे तीन वर्ग होते. पहिल्या वर्गाच्या कपड्यांवर खूण नाही, दुसऱ्या वर्गाच्या डाव्या बाहीवर मोठा पिवळा ‘सी’, म्हणजे ‘कन्व्हिक्ट’, कैदी. तिसऱ्या, म्हणजे गुन्हेगार वर्गाला मात्र तीन: जाकिटाच्या पाठीवर एक, उजव्या बाहीवर एक आणि परकराच्या मागच्या बाजूला एक. दिवसभर धुण्याच्या टबावर वाकलेल्या बाईच्या परकरावर मागून काय दिसत असेल, ते लिही. तुझी ‘अपमानाची काळी रात्र’ त्यापुढे काहीच नाही.

1849 धरलंस तर गोष्टच वेगळी. तेव्हा ती आधी डब्लिनच्या ग्रेंजगॉर्मन तुरुंगात जाईल. तिथे बायकांना जमवून शिवण, धुणं शिकवत आणि मग डब्लिनहूनच जहाजावर चढवत, म्हणजे कॉर्कचा निरोप तिथे हलवावा लागेल. होबार्टच्या डरवेंट नदीत नांगरलेल्या ‘अॅन्सन’ या जुन्या युद्धनौकेवर सहा महिने काढले की पगारी चाकरी. या काळातल्या काही आयरिश बायकांनी पकडलं जावं म्हणूनच आगी लावल्या. घरी उपाशी मरण्यापेक्षा समुद्रापार गेलेलं बरं, हा त्यांचा हिशेब. तू मात्र तिच्याकडून पावाचा तुकडा चोरवलास. हा तुकडा आपण सगळेच कुठून तरी उचलतो. खटल्यांत कापड, शाली, पैसे दिसतात आणि दुष्काळात मेंढ्या नि गायी.

मला विचारशील तर दुसरी, 1849 ची गोष्ट जास्त अवघड आहे, म्हणून मला तीच हवी. पण कादंबरी तुझी.

आता कागदांचं. 1836 पूर्वीची आयरिश हद्दपारी रजिस्टरं 1922 च्या डब्लिनमधल्या आगीत गेली. म्हणजे 1835 ची बाई घेतलीस तर तिच्या घरच्या बाजूने फार तर दयेचा एखादा अर्ज हाती लागेल. टास्मानियाच्या कैद्यांच्या नोंदवह्या मात्र शाबूत आहेत आणि घरबसल्या बघता येतात. उंची, डोळ्यांचा रंग, चेहऱ्यावरचे वण, वाचता येतं का, मूळ गाव, सगळं आहे. नाव मात्र कारकुनाला ऐकू आलं तसं. आयरिश बोलणाऱ्या बाईचं आडनाव इंग्रजी कानातून लिहिलं गेलेलं. शोधताना आडनावाआधी ‘ओ’ लावून बघ, काढून बघ: ओब्रायन, ब्रायन.

या वह्यांतच तिच्या वर्तनाची यादीही असते. उद्धटपणा. परवानगीवाचून बाहेर. दारू प्यायली. कोठडी, पाव आणि पाणी. तू ती यादी वाचून तिला ‘बंडखोर’ करून टाकलंस. हेच मी पंचवीस वर्षांची असताना उलट्या बाजूने केलं होतं. मोडी कागदांत एका बाईला कारकुनाने ‘कजाग’ म्हटलं होतं, मी प्रबंधात तोच शब्द तिचा स्वभाव म्हणून उतरवला. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: कोण म्हणतं? मला अजून लाज वाटते. ‘उद्धटपणा’ म्हणजे मालकिणीला शिवी दिली, की ताप असताना उठायला नकार दिला? वही सांगत नाही. तू दोन्ही शक्यता जिवंत ठेव.

आणखी एक, मूल. चाकरीत असताना लग्नाशिवाय दिवस गेले तर बाईला तुरुंगात परत धाडत, मूल अंगावरून सुटलं की वर सहा महिने शिक्षा. मूल जगलं तर पुढे होबार्टजवळच्या न्यू टाउनच्या अनाथशाळेत. आई जिवंत असताना अनाथशाळा! या वाक्यावर थांबू नकोस, रडूही नकोस, फक्त तारखा दे.

‘काळं पाणी’ हा शब्द तू आठ वेळा वापरलास. एकदा पुरे. अंदमानची सावली आपल्याला आपोआप दिसते. इथे मुद्दा वेगळा आहे: सात वर्षांची शिक्षा संपली तरी सरकार परतीचं भाडं देत नव्हतं, आणि मोलकरणीच्या कमाईतून ते कुठून जमायचं?

वादळाचा प्रसंगही काढ. हवाच असेल तर खरा घे: 1835 च्या जानेवारीत कॉर्कहून सिडनीला निघालेलं ‘नेव्हा’ जहाज, 150 कैदी बायका, शिवाय मुलं, मे महिन्यात टास्मानियाच्या वायव्येला किंग बेटाजवळ फुटलं. कैद्यांतल्या सहा जणी वाचल्या. पण तो घेतलास तर साल 1835 ठरलं आणि दुष्काळ गेला, हे लक्षात ठेव.

रविवारी सकाळी ये. वहीच्या एका पानाची प्रिंट आण, मोठ्या अक्षरात काढ. माझा चष्मा बदलायचा राहिलाय.

तुझ्या बाई