रोटी, रायट आणि शेवटचा एस

बडोदे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शब्दांच्या यादीचे फोटो मिळाले. अक्षर सुबक आहे, मेहनतही दिसतेय. खाली तू विचारलंयस, "सर, अर्थ पाठ करायलाच हवेत का? अ‍ॅपवर तर नुसते शब्द दिलेत." करायला हवेत. पण शब्दसंग्रह वाढतो, व्यक्तिमत्त्व खुलतं वगैरे कारणं मी देणार नाही, ती शाळेत ऐकून झाली असतील. स्क्रॅबल म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल्स जुळवून बोर्डावर शब्द लावायचा खेळ, आणि त्या बोर्डावर अर्थाचे गुण मिळतात, एवढंच माझं कारण.

रोटीवरूनच बघ. आर, ओ, टी, आय. स्क्रॅबलमध्ये कुठले शब्द चालतात हे सांगणाऱ्या कॉलिन्सच्या शब्दयादीत आपली रोटी केव्हाच जाऊन बसली आहे. तीच अक्षरं हलवली की रायट होतो, म्हणजे दंगल. पुन्हा हलवली की ट्रिओ, तिघांचा मेळ. मग टायरो, टी-आय-आर-ओ, म्हणजे नवशिका. आणि शेवटी टोरी, टी-ओ-आर-आय. भूमितीत मेदूवड्याच्या आकाराला टोरस म्हणतात, त्याचं हे अनेकवचन. तुझ्या यादीत हे पाचही एका ओळीत आहेत, अगदी बरोबर. आता समज, समोरच्याने टोरी लावलंय, तुझ्या हातात एस आहे आणि तो एस टोरीच्या शेवटी चिकटवून तुला खाली उभा शब्द काढायचाय. चालेल? रोटीला एस लागतो, रायटला लागतो, ट्रिओला आणि टायरोलाही लागतो. टोरीला लागत नाही, कारण ते आधीच अनेकवचन आहे. पाच शब्दांत चार होकार आणि एक नकार, आणि तो नकार कुठे आहे हे फक्त अर्थच सांगतो. नुसती यादी घोकणाऱ्याला एस लावलेल्या शब्दांची दुसरी यादी घोकावी लागते. एवढी डोकेफोड कशाला?

उलटही घडतं, आणि ते जास्त मजेचं आहे. ए-आर-ई, आर. 'यू आर'मधलं आर. क्रियापदाच्या या रूपाला एस कोण लावेल? पण तुमच्या शेताचा सातबारा काढून बघ, क्षेत्रफळ हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहिलेलं असतं. तो आर म्हणजे 100 चौरस मीटर. इंग्रजीत त्याचंही स्पेलिंग ए-आर-ई, म्हणून ए-आर-ई-एस बिनदिक्कत लाव. समोरचा चॅलेंज करेल, म्हणजे असा शब्दच नाही म्हणेल, करू दे.

असाच दुसरा एट. खाणेचा भूतकाळ, ए-टी-ई. ग्रीक पुराणात याच स्पेलिंगची एक देवी आहे, माणसाची बुद्धी फिरवणारी. तिच्यावरून त्या शब्दाला अविचारी उन्माद असा अर्थ आला, तो नाम झाला, आणि नामाला एस लागतो. इंग्रजीच्या पेपरात मी या एसवर लाल रेघ मारली असती. बोर्डावर मारता येणार नाही.

ए, ई, टी या तिघांवर तू जास्त वेळ घालव. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी तीन अक्षरं हीच. मोर्सच्या तारेत ई म्हणजे एक टिंब आणि टी म्हणजे एक रेघ, ते याच कारणाने: जे वारंवार पाठवायचं ते आखूड ठेवायचं. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकी वास्तुविशारदाने 1930च्या दशकातल्या मंदीत, हाताला काम नसताना, हा खेळ रचला. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे त्याने वर्तमानपत्राच्या पानांवरून मोजलं. स्क्रॅबल हे नाव पुढे 1948 साली जेम्स ब्रुनोने दिलं. पेटीतल्या 100 टाइल्सपैकी ई 12, ए 9 आणि टी 6 आहेत. म्हणजे पाव पेटीहून जास्त या तिघांचीच, प्रत्येकी एक गुण. गरीब अक्षरं आहेत, पण डाव तीच चालवतात.

तीन अक्षरं सहा प्रकारे मांडता येतात, त्यांतले पाच शब्द आहेत: ईट, एट, टी म्हणजे चहा, ईटा हे ग्रीक अक्षर, आणि टे, टी-ए-ई, स्कॉट माणसाच्या पायाचं बोट. (चहाचा टी आणि अक्षर टी देवनागरीत सारखेच दिसतात, त्याला माझा इलाज नाही.) आता यात एकेक अक्षर टाकत जा. एन टाकलास तर नीट मिळेल. त्याचा नीटनेटका हा अर्थ तुला माहीत आहे, पण जुन्या इंग्रजीत नीट म्हणजे गाय-बैल. म्हणून त्यालाही एस. त्याच चार अक्षरांत अँटी आहे, पत्त्यांत डाव सुरू होण्याआधी टाकायची रक्कम, ए-एन-टी-ई. आणि एटना, ज्वालामुखीच्या नावावरून पडलेलं, स्पिरिटवर द्रव तापवायचं लहानसं भांडं. एम टाकलास तर मीट, मेट, टीम, टेम, मेटा. आर टाकलास तर रेट, आणि टी-ए-आर-ई. हा शेवटचा शब्द तू रोज बघतेस. खंडेराव मार्केटात भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टेअर लिहिलेलं बटन असतं. रिकामं भांडं ठेवून ते दाबलं की भांड्याचं वजन वजा होतं.

इथे आपल्या लोकांची एक अडचण सांगतो, कारण तुझ्या यादीत ती दिसली. आपण कानाने शब्द शोधतो. मराठीत ते जमतं. लता उलटी केली की ताल, नदी उलटी केली की दीन. काना असो की वेलांटी, ती आपल्या अक्षराबरोबर जाते आणि आवाज बहुतेक तोच राहतो. इंग्रजीत अक्षर हललं की आवाज पार बदलतो. टी-ई-ए-आर तर जागचं न हलताही डोळ्यातलं पाणी असेल तर टिअर आणि फाडणं असेल तर टेअर. म्हणून रॅककडे, म्हणजे आपल्या टाइल्स मांडलेल्या पट्टीकडे, बघताना ओठ हलवू नकोस. टाइल्स आधी ए-बी-सी-डीच्या क्रमाने लाव. मुरलेले खेळाडू याला अल्फाग्राम म्हणतात. ए-ई-आर-टी दिसलं की रेट, टिअर, टेअर एकदम आठवले पाहिजेत. वहीसुद्धा अशीच बांध: डावीकडे अल्फाग्राम, मधे शब्द, उजवीकडे दोन-तीन शब्दांत अर्थ, मराठीत. गुजरातीत लवकर सुचला तर गुजरातीत लिही, वही तुझी आहे. आपल्या सयाजीरावांच्या दरबाराने 1931 साली कारभारातल्या शब्दांचा इंग्रजी धरून आठ भाषांचा कोश छापला, श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू. तुझी वही दोन भाषांची झाली तरी पुष्कळ.

तू नायजेल रिचर्ड्सचं उदाहरण देशील हे मला ठाऊक आहे. सगळेच देतात. न्यूझीलंडचा हा गृहस्थ 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. पुढे 2024 मध्ये स्पॅनिशचंही विजेतेपद त्याने तसंच नेलं. म्हणजे अर्थावाचून जिंकता येतं, हे कबूल. पण त्याच्यासारखी स्मरणशक्ती तुझ्याकडे नाही आणि माझ्याकडे तर मुळीच नाही. आपल्याला शब्द अडकवायला खुंटी लागते.

आणि आपल्याकडे काही खुंट्या आयत्या आहेत, ज्या लंडनच्या मुलाकडे नाहीत. राजा उलगडला की अजार, म्हणजे किलकिलं दार. राणीतून रेन निघतो, पाऊस. आणा आणि नान यांची अक्षरं सारखीच: दोन ए, दोन एन. डाळीतून लॅड, म्हणजे पोरगा. साडीतून एअर्स, ए-आय-आर-एस. सतारीतून स्टेअर, जिन्याची पायरी. चहाला आपण म्हणतो त्या चायमधून चिया, सध्या सगळे पाण्यात भिजवून पितात ते बी. घरातले हे शब्द आधी वहीत उतरव.

दोन अक्षरी शब्दांबद्दल थोडक्यात. कॉलिन्सच्या 2019च्या आवृत्तीत ते 127 आहेत, सगळे पाठच हवेत, त्याला पर्याय नाही. पण तेही जोडीने कर: नोचा उलटा ऑन, हीचा उलटा ए (ई-एच), मीचा उलटा एम (ई-एम). हा एम म्हणजे छापखान्यातलं माप. इटचा उलटा टी (टी-आय), म्हणजे पाश्चात्त्य सरगमेतला शेवटचा सूर, आपला नी. ए-आय म्हणजे दक्षिण अमेरिकेतला झाडाला लटकणारा आळशी प्राणी, त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता समजू नकोस.

रविवारी सकाळी ये. येताना ए, ई, एल, टी या चार अक्षरांचं पान भरून आण. त्यात एक बदक आहे आणि एक चिनी वजन. प्रत्येकापुढे एस लागतो की नाही ते लिही, आणि का ते तोंडी सांगायची तयारी ठेव. बोर्ड माझ्याकडे आहे, सेव-उसळ तू आण.

तुझा,
सर