मोठा वक्ता बोलावण्याआधी

वक्त्याचा कार्यक्रम पहिल्यांदाच करतोयस म्हणून सांगतो, नाव ठरवण्याआधी समोर कोण बसणार ते बघ. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या वर्धापनदिनाला मी मुंबईहून नावाजलेले वक्ते आणले होते. समोर सुपरवायझर आणि मशीनवरची पोरं, आणि पाहुणे तासभर इंग्रजीत बोलले. दुसऱ्या रांगेतले एक काका मान खाली घालून पेढ्याच्या कागदाच्या घड्या घालत बसले होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे. चूक माझीच, आधी फोनच केला नव्हता. तेव्हापासून आठ दिवस आधी वीस मिनिटं बोलून घेतोच: श्रोते कोण, भाषा कोणती, इथल्या माणसांची अडचण काय.

मानधनात प्रवास, मुक्काम धरलाय का, ते लेखी घे. वक्त्यांची जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्के वर लागतात. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायचा आयकर, साधारण 10 टक्के कापला जातो, तेही आधीच सांग. कार्यक्रम झाल्यावर सांगितलंस तर मनं दुखावतात.

पुण्याहून सांगलीला गाडीने चार-पाच तास धर. सकाळचा कार्यक्रम असेल तर पाहुण्यांना आदल्या रात्रीच मुक्कामाला आण. आणि रेकॉर्डिंग करायचं असेल तर परवानगी त्याच पत्रात मागून घे.