स्वार्थवाद वाचायला घेताना

आधी दोन दावे वेगळे कर. ‘माणूस स्वार्थासाठीच वागतो’ हे मनाबद्दलचं विधान आहे. ‘त्याने तसंच वागावं’ हा नीतीचा दावा. वाद घालताना लोक पहिल्यावरून नकळत दुसऱ्यावर घसरतात.

पहिला दावा फार मोहक आहे. सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याने एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला भीक दिली आणि ‘त्याचं दुःख पाहून मला होणारा त्रास यामुळे कमी झाला’ असं कारण सांगितलं, अशी आठवण त्याचा चरित्रकार जॉन ऑब्रीने लिहून ठेवली आहे. अशा युक्तिवादाला इंग्रज धर्मगुरू आणि तत्त्वज्ञ जोसेफ बटलरने १७२६ साली छापलेल्या प्रवचनांत दिलेलं उत्तर मला आजही बिनतोड वाटतं. भूक अन्नाची असते. सुख मिळतं ते अन्न मिळाल्यावर. तसंच, दुसऱ्याचं भलं व्हावं ही इच्छा आधीपासून मनात नसेल, तर त्याचं भलं झाल्यावर आपल्याला समाधान येणार कुठून? इथे घाई करू नकोस, चार दिवस दे.

दुसरा दावा मात्र झटकून टाकू नकोस. इंग्रज नीतितत्त्वज्ञ सिजविकने १८७४ मध्ये तो मनापासून तपासला, आणि स्वहित व सर्वांचं हित यांचा मेळ तर्काने पूर्ण बसवता येत नाही हे कबूल केलं. किती प्रामाणिक माणूस!

सुरुवात बटलरच्या अकराव्या प्रवचनापासून कर. हातात पेन्सिल ठेव.