वाळवंटी राष्ट्रीय उद्याने कॅम्परने : जूनमध्ये, आई-वडिलांसह जावे का?

आपण विचारले आहे की, पुण्याहून आई-वडील येणार असून जूनमध्ये लास व्हेगासहून कॅम्पर, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन दोन आठवड्यांत डेथ व्हॅली, जोशुआ ट्री, झायन, ब्राइस कॅनियन आणि ग्रँड कॅनियन पाहायचे आहे, तर सर्वांना ऐसपैस व्हावे म्हणून तीस फुटी गाडी घ्यावी का. मी कॅलिफोर्नियात राहतो आणि या भागात कॅम्पर घेऊन हिंडलो आहे. माझे मत स्पष्ट आहे : गाडी पंचवीस फुटांच्या आतली घ्या आणि जून टाळा.

लांबीची मर्यादा ऐच्छिक नाही. डेथ व्हॅलीतील आर्टिस्ट्स ड्राइव्ह हा रंगीत टेकड्यांमधला वळणावळणाचा रस्ता आणि दांतेज व्ह्यूचा चढ, दोन्हीकडे २५ फुटांपेक्षा लांब गाडीला प्रवेश नाही. जोशुआ ट्रीतील हिडन व्हॅली कॅम्पग्राउंडची, म्हणजे मुक्कामाच्या तळाचीही, मर्यादा तीच आहे. झायनमध्ये अडचण लांबीपेक्षा रुंदीची आहे. तिथला १९३० साली पूर्ण झालेला, सव्वा मैलाहून थोडा कमी लांबीचा बोगदा त्या काळच्या मोटारींच्या मापाचा आहे. पूर्वी मोठ्या गाडीसाठी पंधरा डॉलर भरले की समोरची वाहतूक थांबवून तिला बोगद्याच्या मधून जाऊ देत असत. उद्यान प्रशासनाने मात्र जून २०२६ पासून ही सोय बंद करून मोठ्या गाड्यांना तो रस्ताच बंद करण्याचे जाहीर केले आहे. आरशांसकट ७ फूट १० इंच ही रुंदीची मर्यादा भाड्याचे बहुतेक मोठे कॅम्पर ओलांडतात, त्यामुळे झायनहून ब्राइसला जाताना आय-१५ महामार्गावरून उत्तरेला जाऊन युटा-२० या राज्य महामार्गाने वळसा घालावा लागेल. गुगलने दाखवलेल्या वेळेवर विसंबू नका, कारण ते आपल्याला मोटारीचा रस्ता दाखवत असते.

आता जूनविषयी. डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तो विक्रम सोडून द्या, पण तिथले जुलैचे सरासरी कमाल तापमानही सुमारे ४७ अंश असते आणि जून त्याच्या फार मागे नसतो. विदर्भातला उन्हाळा काढलेल्या माणसाला वाटेल की त्यात काय मोठेसे. परंतु विदर्भात रात्री आपण पत्र्याच्या पेटीत झोपत नाही. कॅम्परच्या राहत्या भागाचा एसी बाहेरून वीज मिळाली किंवा जनरेटर चालू असला तरच चालतो. या उद्यानांतल्या बहुतेक जागांवर विजेची जोडणी नसते आणि जनरेटरला ठरावीक तासांचीच परवानगी असते, रात्री तर नाहीच. जोशुआ ट्रीत एकाही जागेवर जोडणी नाही. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये पुष्कळ जागांवर वीज आहे, पण तिथे जनरेटरला पूर्ण मनाई आहे. वीज, पाणी आणि सांडपाणी अशी तिन्ही जोडणी फर्नेस क्रीकला मोजक्या जागांवर आणि ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावर ट्रेलर व्हिलेज या तळावर मिळते. शिवाय अनेक भाडे कंपन्या उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत गाडी नेऊच देत नाहीत. करारातले बारीक अक्षर वाचा.

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा मला सर्वांत योग्य वाटतो. मार्चही चांगला, पण ब्राइसचा कडा २,४०० मीटरहून उंच असल्याने तेव्हा तिथे बर्फ असतो आणि कॅम्परचे नळ गोठण्याची भीती राहते. फर्नेस क्रीक आणि वॉचमनचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि चांगल्या जागा बघता बघता संपतात, तेव्हा आळस नको.

पाण्याचे गणित वेगळेच आहे. पंचवीस फुटी गाडीच्या टाकीत साधारण ३० ते ४० गॅलन, म्हणजे ११५ ते १५० लिटर पाणी मावते आणि चार माणसांच्या मराठी स्वयंपाकाला ते दोन दिवसही पुरत नाही. तांदूळ तीनदा धुणे आणि नळ सोडून भांडी विसळणे बंद करावे लागते. ताटे आधी कागदाने कोरडी पुसून घ्यावीत, म्हणजे तेल आणि खरकटे सांडपाण्याच्या टाकीत जात नाही, कारण बहुधा ती टाकीच आधी भरते. पिण्याचे पाणी दर माणशी दिवसाला किमान चार लिटर आणि तेही टाकीत नव्हे, वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. फोडणी देण्यापूर्वी छताचा पंखा सुरू करा, नाहीतर मोहरी तडतडण्याआधी धुराचा अलार्म कोकलतो.

टाक्या रिकाम्या करणे हे काम घाण वाटले तरी सोपे आहे. हातमोजे घालून जाड नळी नीट अडकवावी, आधी संडासाची झडप उघडावी, ती टाकी पूर्ण रिकामी झाल्यावरच भांड्यांच्या पाण्याची झडप उघडावी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. जोडणी असलेल्या जागेवरही संडासाची झडप बंदच ठेवावी. उघडी राहिली तर पाणी वाहून जाते आणि उरलेला ऐवज तळाशी घट्ट बसतो.

रस्त्यात, दरीतून वर चढताना इंजिन तापू नये म्हणून चालकाकडचा एसी बंद ठेवण्याच्या पाट्या दिसतील, त्या मुकाट पाळा. उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवण्याऐवजी खालचा गिअर वापरा. कोरड्या ओढ्यात गाडी कधीही उभी करू नका : ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाने डेथ व्हॅलीत एका दिवसात जवळपास वर्षभराचा पाऊस पडला आणि उद्यान सुमारे दोन महिने बंद राहिले.

आई-वडिलांसाठी कॅम्पर खरोखर सोयीचा असतो. स्वतःचा संडास आणि घरचे जेवण बरोबर असते, दर मुक्कामी सामान उचलावे लागत नाही. चालकाच्या डोक्यावरची शिडीची खाट मात्र त्यांना देऊ नका, मागची द्या. पाच उद्यानांचा हव्यासही सोडा. मनावर दगड ठेवून जोशुआ ट्री गाळा. ते बाकीच्यांच्या वाटेवर नाही आणि तिथल्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर पाणीही नाही.

प्रवेशशुल्कात जानेवारी २०२६ पासून बदल झाला आहे. अमेरिकेत न राहणाऱ्या सोळा वर्षांवरील पाहुण्यांना झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियनसह अकरा उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा पडतात. डेथ व्हॅली त्या यादीत नाही. रहिवाशांचा वार्षिक पास ८० डॉलरचा आणि परदेशी पाहुण्यांचा २५० डॉलरचा आहे. तीन उद्यानांत दोघांचे मिळून जादा शुल्क ६०० डॉलर होते, म्हणून आई-वडिलांसाठी २५० डॉलरचा पास घेणेच परवडेल.