वाचक विचारतात: खाणीचं लाल पाणी आणि बायोचार

प्रश्न: खानापूर तालुक्यात जुन्या खाणीच्या उताराखाली आमचं भाताचं शेत आहे. पावसाळ्यात लाल पाणी वाफ्यात शिरतं. बायोचार घातला तर जमीन सुधारेल का?

आधी पाणी बघा, बायोचार (म्हणजे काटक्या कमी हवेत जाळून केलेला कोळसा) मागाहून. काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. गाळ तळाला बसून वर नितळ पाणी राहिलं, तर तो जांभ्याचा गाळ. त्यावर बायोचार घालून काही होत नाही. वाफ्याच्या वरच्या अंगाला गाळखड्डा काढा आणि दरवर्षी उपसा. नितळ पाणी दुसऱ्या बाटलीत ओतून उघडं ठेवल्यावर पुन्हा तांबूस होत असेल, तर त्यात विरघळलेलं लोह आहे. मग माती प्रयोगशाळेत द्याच. नेहमीच्या मृदा आरोग्य पत्रिकेत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक नसतं, ते वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं.

शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त बायोचार चांगलं धरून ठेवतो. आर्सेनिकचं उलट आहे. बायोचारमुळे सामू (पीएच) वाढतो आणि आर्सेनिक जास्त मोकळं होऊ शकतं. भाताच्या साचलेल्या पाण्यात ते तसंही सुटतं. अहवालात आर्सेनिक जास्त आलं, तर बायोचार घालू नका.

धरून ठेवलं म्हणजे नाहीसं झालं, असं नव्हे. धातू जमिनीतच राहतो, मुळाला कमी लागतो एवढंच. अशा वाफ्यात पालेभाजी लावू नये.

प्रश्न: घरच्या घरी करायचा कसा आणि घालायचा किती?

तुरकाट्या, पळकाठ्या उत्तम. उसाचं पाचट भसकन पेटतं आणि राख होते, ते पेटवणापुरतं वापरा. भाताच्या तुसाने खड्ड्यातली ज्वाळा गुदमरते. त्याला भोकं पाडलेलं धुराडं मधे उभं करून भोवती ढीग घालावा लागतो.

खड्डा वर 5 फूट रुंद, अडीच फूट खोल, तळाकडे निमुळता. काटक्या कडकडीत वाळलेल्या हव्यात. तळाला जाळ करून पातळ थर घाला. काटक्यांवर पांढरी राख दिसू लागली की लगेच पुढचा थर. वरची ज्वाळा हवा खाते, म्हणून खालचा कोळसा जळत नाही. धूर फार झाला तर थर जाड किंवा ओला. राख फार झाली तर थर द्यायला उशीर. खड्डा भरला की पाणी मारून विझवा, 200 लिटरचं बॅरल भरून आधीच शेजारी ठेवा. पोटात धग राहिली तर पोत्यात भरल्यावर पुन्हा पेटतो, म्हणून उलथापालथ करून दुसऱ्या दिवशी भरा. कुटताना ओलाच कुटा, धूळ छातीत जाते.

हाताला लागलेलं काळं नुसत्या पाण्याने निघालं तर माल तयार. चिकट राहून साबण लागला, तर अर्धवट जळलाय.

मापाचं सांगायचं तर, वरच्या 15 सेंटिमीटर मातीत 1 टक्का म्हणजे गुंठ्याला सुमारे 225 किलो. वाळक्या काटक्यांचा चौथा-पाचवा हिस्साच बायोचार मिळतो, म्हणजे गुंठ्याला टनभर काटक्या आल्या. एकरभराचा हिशेब मांडूच नका. पाणी शिरतं त्या वाफ्यापुरतं करा. न मुरवता घातला तर पिकाचं नत्र ओढतो. तेवढंच शेणखत मिसळून, ओलावा राखून, तीन आठवडे मुरवा.

प्रश्न: ॲल्युमिना कारखान्याच्या लाल चिखलाची माती कोणी फुकट देत असेल, तर बायोचार मिसळून चालेल?

नको. त्या चिखलाचा सामू 10 च्या वर असतो आणि बायोचार स्वतःही बहुधा अल्कधर्मीच. दोन्ही मिळून पीक करपेल. आधीच येऊन पडला असेल, तर उचलता येईल तेवढा उचला. उरलेल्यावर जिप्सम आणि शेणखत, मग पावसाचं पाणी निचरू द्या. मुरवलेला बायोचार सामू साडेआठच्या खाली आल्यावरच.