ब्रिटनच्या जुन्या जनगणनेत पूर्वज शोधताना कोणत्या नामसूचीवर भरवसा ठेवावा?

तुम्ही विचारलंय की तुमच्या नवऱ्याचे खापरपणजोबा १८८१च्या इंग्लंडच्या जनगणनेत तीन वेगवेगळ्या संकेतस्थळांवर एकाच आडनावाने सापडतात, लग्नाच्या दाखल्यावर मात्र आडनाव थोडं वेगळं आहे. तीन ठिकाणी एकच उत्तर आलं, तर तेच खरं मानायचं का?

नाही. १८८१च्या बाबतीत तर मुळीच नाही. त्या वर्षाची नामसूची, म्हणजे जनगणनेची पानं वाचून उतरवलेली नावांची यादी, ब्रिटनमधल्या कुटुंब-इतिहास मंडळांच्या स्वयंसेवकांनी आणि अमेरिकेतल्या यूटाच्या जीनिऑलॉजिकल सोसायटी या वंशावळी-संस्थेने मिळून तयार केली. ती आधी मायक्रोफिशवर (पानांची बारीक छायाचित्रं असलेल्या फिल्मच्या कार्डांवर) आली, १९९९ मध्ये सीडीवर आली, आणि आज फॅमिलीसर्च, अ‍ॅन्सेस्ट्री, फाइंडमायपास्ट या तिन्ही संकेतस्थळांवर मुळात तीच दिसते. म्हणजे तुम्ही एकाच साक्षीदाराला तीनदा विचारलंत. सूची खरोखर चांगली आहे, मीही १८८१साठी तिच्यापासूनच सुरुवात करते. पण तिच्यात एखादं आडनाव चुकीचं वाचलं गेलं असेल, तर ती चूक तिन्हीकडे जशीच्या तशी असणार.

म्हणून कुठलीही सूची हाती घेताना मी आधी हे बघते की ती कोणी उतरवली, कशावरून उतरवली आणि दुसऱ्या कोणी तपासली का. १८८१ सोडून १८४१ ते १९०१ या बाकीच्या जनगणनांसाठी अ‍ॅन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट यांनी आपापल्या सूच्या स्वतंत्रपणे केल्या आहेत. तिथे दोघांचं एकमत झालं, तर त्याला वजन आहे. फ्रीसेन ही स्वयंसेवकांची मोफत सूची आहे. सगळे परगणे आणि सगळी वर्षं तिच्यात मिळणार नाहीत, पण तिथे एकाने उतरवलेलं दुसरा तपासतो. शोध कुठे घ्यायचा हे ठरलं, की तिच्यात तो भाग आहे का हे मी सर्वांत आधी बघते.

स्थानिक मंडळांच्या सूच्यांकडे तर आवर्जून बघा. तिथल्या वाड्या-वस्त्या आणि आडनावं ठाऊक असलेला माणूस वाईट हस्ताक्षरही बरोबर लावतो. मोडी कागद वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मँचेस्टरकडच्या १८५१च्या काही वह्या पाण्याने इतक्या खराब झाल्या होत्या की त्यांची छायाचित्रंच घेतली गेली नव्हती. त्या पानांवरची नावं मँचेस्टर-लँकेशायरच्या कुटुंब-इतिहास मंडळातल्या लोकांनी चिकाटीने वाचून काढली. त्या कामाबद्दल मला फार आदर वाटतो.

चुका होतात कुठे, हे कळलं की शोधणं सोपं जातं. १९०१पर्यंत आपल्याला दिसते ती प्रगणकाची वही. घरमालकाने भरलेल्या कागदावरून त्याने ती उतरवली, आणि तिच्यावरून पुढे सूची झाली. म्हणजे सूची ही नकलेची नक्कल. १९११ पासून कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेला कागदच बघायला मिळतो. जुन्या वळणात मोठा टी आणि एफ, किंवा एल आणि एस सहज एकमेकांसारखे दिसतात. जोड-एस इतका लांब काढत की रॉसचा रॉफ्स होतो. त्यात कारकुनांनी मोजणी करताना वयावरच पेन्सिलीच्या रेघा मारलेल्या, त्यामुळे तीनचे आठ होतात. १८४१ मध्ये पंधरावर्षांपुढच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती. ३९ वर्षांचा माणूस ३५चा दिसला तर सूचीला दोष देऊ नका.

एका मैत्रिणीसाठी मी १८७१ मधलं एक कुटुंब कित्येक महिने शोधत होते. एका सूचीत आडनावाचं पहिलंच अक्षर चुकलं होतं, त्यामुळे आडनाव घालून काहीच येईना. शेवटी आडनाव रिकामं ठेवलं, धाकट्या मुलाचं जरा दुर्मीळ नाव, अंदाजे वय आणि जन्मगाव एवढंच टाकलं, आणि सगळं कुटुंब समोर आलं. तेव्हापासून घरातल्या सर्वांत वेगळ्या नावाच्या माणसापासून मी शोध सुरू करते.

नवी सूची वापरायच्या आधी माझी एक चाचणी असते. जन्म-लग्नाच्या दाखल्यांवरून ज्याची पूर्ण माहिती आहे असं एक कुटुंब घ्यायचं, त्याचं पान उघडायचं, आणि पानावरची सगळी नावं सूचीशी ताडून बघायची. फक्त आडनाव नको. वय, जन्मगाव, व्यवसायही बघा. काही सूच्या आडनावाला नीट असतात आणि जन्मगावाला ढिल्या, आणि ते आधी माहीत असलं तर कोणता रकाना रिकामा सोडायचा हे कळतं. मूळ पानाचा स्कॅन दाखवत नाही अशा सूचीवर मी कुठलीच नोंद वंशावळीत चढवत नाही, मग ती कितीही नीटनेटकी दिसो.

काही वर्षं मात्र कुठल्याच सूचीत मिळणार नाहीत. इंग्लंड-वेल्सची १९३१ची जनगणना १९४२च्या आगीत जळाली, आणि १९४१ची युद्धामुळे झालीच नाही. त्या काळासाठी १९३९चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर केलेली नागरिकांची नोंद, बघा. १९२१ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली आहे.

आता तुमचं प्रकरण. नोंदीबरोबर आरजी ११ ने (अभिलेखागारातल्या १८८१च्या जनगणनेच्या खुणेने) सुरू होणारा क्रमांक असेल. पुढे पीस (वह्यांच्या गठ्ठ्याचा क्रमांक), फोलिओ (कागदाचा क्रमांक) आणि पान. तो लिहून घ्या आणि मूळ पान उघडा. आडनावाचं पहिलं अक्षर त्याच प्रगणकाच्या हातच्या इतर नावांशी जुळवा, शक्यतो तुम्हाला खात्रीने वाचता येणाऱ्या नावांशी. मग हेच घर १८७१ (आरजी १०) आणि १८९१ (आरजी १२) मध्ये शोधा, कारण तिथे दोन स्वतंत्र सूच्या उपलब्ध आहेत आणि प्रगणकही बहुधा वेगळा असेल. तिथे दाखल्यावरचं आडनाव निघालं, तर संकेतस्थळावर दुरुस्ती पाठवा. तशी सोय असते, आणि पुढे त्याच घराण्याचा शोध घेणाऱ्याला ते नाव लगेच सापडेल. तिथेही वेगळंच निघालं, तर मात्र दाखल्याचा स्कॅन पुन्हा बघा. कदाचित दाखल्याची नक्कल करणाऱ्यानेच अक्षर चुकवलं असेल.